सर, तुमचं काय चुकलं?

मुलांनो, आज एक छोटासा प्रयोग करून बघा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही ‘सॉरी’ हा शब्द किती वेळा उच्चारता, ते मोजा. वहीच्या शेवटच्या पानावर एकेक रेघ मारत जा. शाळेत जाताना कुणाला सायकलचा धक्का लागला – सॉरी. वर्गात उशिरा पोचलात – सॉरी सर. शेजारच्याच्या वहीवर पाणी सांडलं – सॉरी रे. आईनं दुसऱ्यांदा हाक मारली – सॉरी, ऐकू नाही आलं. संध्याकाळपर्यंत रेघांची ही भलीमोठी रांग होईल! मी स्वतः एकदा मोजलं होतं. तेवीस रेघा झाल्या. मग मी स्वतःलाच विचारलं, ‘यातल्या किती वेळा तुला खरंच वाईट वाटलं?’ उत्तर आलं, दोनदा. फार तर तीनदा.

हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळलाय, की तो इंग्रजी आहे हेही आपण विसरून जातो. कधी शाळेत न गेलेली आजीसुद्धा नातवाला ‘ताईला सॉरी म्हण बघू’ असं सांगते. आणि जो शब्द इतका ओळखीचा असतो, त्याचा अर्थ बघायला डिक्शनरी कोण उघडणार? मीही उघडली नव्हती. ती उघडायची वेळ माझ्यावर कशी आली, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

मी तेव्हा आठवीत होतो. तालुक्याच्या गावातली आमची मराठी माध्यमाची शाळा. इंग्रजी त्या काळी पाचवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे आमचं इंग्रजी उणंपुरं तीन वर्षांचं! एक सबंध वाक्य बोलायचं म्हटलं तर घाम फुटायचा. पण ‘सॉरी’ आणि ‘थँक्यू’ हे दोन शब्द मात्र आम्ही मोठ्या ऐटीत वापरायचो.

माझ्या बाकावर माझा जिवलग मित्र बसायचा. त्याचे वडील मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब लिहायचे. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे! त्यांच्याकडे एक काळं, सोनेरी टोपणाचं शाईचं पेन होतं. सहामाही परीक्षेला त्यांनी ते आपल्या मुलाला दिलं, आणि भूगोलाच्या पेपराला माझं पेन गळायला लागलं म्हणून त्यानं ते मला दिलं. स्वतः मात्र साध्या पेनानं लिहिलं. पेपर संपला. वर्गाबाहेर आल्यावर मी ते पेन बोटांवर फिरवण्याची करामत दाखवायला गेलो, आणि ते फरशीवर उभंच्या उभं पडलं. निब वाकली. मी घाईघाईनं टोपण लावलं, पेन त्याच्या हातात कोंबलं, ‘सॉरी यार, जरा पडलं’ म्हणालो आणि बॅट घेऊन मैदानावर पळालो. तो काही बोलला नाही. माझ्या लेखी विषय संपला होता. सॉरी म्हटलं होतं ना!

पुढं दिवाळीची सुट्टी लागली. मी आजोळी गेलो. परत आलो तेव्हा कळलं, की सुट्टीत त्याचे वडील अचानक वारले.

शाळा सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांनी तो वर्गात आला. डोक्यावरचे केस काढलेले. आम्ही सगळे गप्प. काय बोलावं ते कुणालाच सुचेना. दुसरा तास इंग्रजीचा होता. सर आत आले, त्यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. ते आमच्या बाकापाशी आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “आय अ‍ॅम व्हेरी सॉरी, बाळ.”

तो गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सर, तुमचं काय चुकलं?”

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. सर हसले नाहीत. म्हणाले, “चुकलं काही नाही रे. मला फार वाईट वाटलं, एवढंच म्हणालो मी.” मग सगळ्या वर्गाकडे वळून म्हणाले, “सॉरी म्हणजे आधी दुःख. माफी त्याच्या मागून येते. आपण नेमकं उलटं शिकतो.”

मी मान खाली घालून बसलो होतो. माझ्या डोळ्यांपुढं ते काळं पेन होतं. मधल्या सुट्टीत मी वाचनालयात गेलो आणि जाडजूड इंग्रजी-मराठी कोश काढला. ‘सॉरी’ या शब्दापुढं पहिलाच अर्थ होता – दुःखी, कष्टी. त्याच्यापुढं – पश्चात्ताप झालेला. आणि शेवटी – केविलवाणा, दीनवाणा. ‘असं म्हटलं की सुटका होते’ असा अर्थ मात्र कुठंच नव्हता!

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागेच लागला. पुढं मोठेपणी मी त्याचा माग काढत गेलो. तो प्रवास मोठा गमतीचा आहे. चला, जाऊ या थोडं मागं.

हजारएक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जी इंग्रजी बोलत, ती आजच्या इंग्रजीहून इतकी वेगळी होती, की आज ती कानांवर पडली तर खुद्द इंग्रज माणसालाही समजणार नाही. तिला ‘जुनी इंग्रजी’ म्हणतात. त्या भाषेत ‘सार’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ वेदना, दुखणं, जखम. आजच्या इंग्रजीत तोच शब्द ‘सोअर’ या रूपात आहे. घसा दुखायला लागला की डॉक्टर ‘सोअर थ्रोट’ म्हणतात ना, तोच हा सोअर! या ‘सार’वरून विशेषण झालं ‘सारिग’. म्हणजे वेदनेनं भरलेला, कष्टी. आणि ‘सारिग’ झिजत झिजत, बदलत बदलत झाला ‘सॉरी’.

म्हणजे बघा, सॉरी हा मुळात दुखण्याचा शब्द आहे! ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणणारा माणूस मुळात ‘मला दुखतंय’ असं सांगत होता.

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, ‘सॉरो म्हणजे दुःख, त्यावरूनच सॉरी आला असणार.’ मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण हे दोघे सख्खे भाऊ नाहीत. ‘सॉरो’ आला ‘सोर्ग’ या वेगळ्या शब्दावरून. दोघांचे अर्थ जवळचे, त्यामुळे शेजारी राहून राहून त्यांचे चेहरेही सारखे झाले, एवढंच.

या शब्दाचा एक भाऊबंद जर्मन भाषेत आहे. तिथं ‘झेअर’ म्हणजे ‘फार, खूप’. ‘डांके झेअर’ म्हणजे ‘फार आभारी आहे’. पण या झेअरचा मूळ अर्थ होता ‘वेदना होतील असं’! दुखण्याचा शब्द ‘फार’ या अर्थानं कसा काय वापरायला लागले? त्यात नवल काही नाही. आपण नाही का ‘भयंकर आवडलं’ म्हणत? त्यात भय कुठं असतं? भाषा सगळीकडे अशाच खोड्या करत असते.

सुरुवातीला सॉरी म्हणजे नुसतं दुःखी. मग ‘माझ्या हातून तुला त्रास झाला म्हणून मी दुःखी’ असा अर्थ त्याला चिकटला. ‘आय अ‍ॅम’ हे दोन शब्द गळून नुसतं ‘सॉरी’ म्हणायची रीत तर त्या मानानं अगदी अलीकडची, एकोणिसाव्या शतकातली. शब्द लहान झाला, म्हणायला सोपा झाला. आणि सोपा झाला, तसा स्वस्तही झाला!

आज इंग्रजीत हा शब्द किती कामं करतो, ते जरा पाहू. परीक्षेतही उपयोग होईल.

चूक झाली तर सॉरी, हे आपल्याला माहीत आहेच. कुणाच्या घरी वाईट घडलं तर सॉरी, हे आमच्या सरांनी शिकवलं. समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही, तर आवाज चढवून ‘सॉरी?’ असं विचारायचं. म्हणजे ‘पुन्हा सांगता का?’ आणि नामाच्या आधी आला, की याच शब्दाचा अर्थ होतो केविलवाणा. एखाद्या पडक्या वाड्याची अवस्था ‘सॉरी स्टेट’ असते. तिथं वाडा कुणाची माफी मागत नसतो!

एका ठिकाणी मात्र जपून. ‘सॉरी’च्या पुढं ‘फॉर’ आणि त्यापुढं माणूस आला, तर अर्थ होतो कीव. मित्राचं पुस्तक हरवलंत आणि त्याला म्हणालात ‘आय अ‍ॅम सॉरी फॉर यू’, तर त्याचा अर्थ झाला, ‘अरेरे, तुझी मला दया येते!’ पुस्तक गेलं ते गेलं, वर ही दया! तिथं ‘सॉरी अबाऊट द बुक’ म्हणावं.

आणखी एक घोळ नेहमी होतो. गर्दीतून वाट काढायची असेल, कुणाचं बोलणं थांबवून काही विचारायचं असेल, तर ‘एक्सक्यूज मी’. धक्का लागून गेला असेल, तर ‘सॉरी’. सोपी खूण सांगतो : त्रास देण्याआधी एक्सक्यूज मी, त्रास दिल्यावर सॉरी.

बरं, सॉरी यायच्या आधी आपण मराठीत काय म्हणत होतो? शब्दांची काही वाण नव्हती. ‘चुकलं माझं’ हा तर खणखणीत शब्दप्रयोग. ‘माफ करा’ यातला माफ अरबी भाषेतून आला. ‘क्षमा’ हा संस्कृत शब्द. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘क्षम्’ या धातूचा अर्थ सोसणं, सहन करणं. सगळ्यांचा भार सोसते म्हणून पृथ्वीलाही संस्कृतमध्ये ‘क्षमा’ म्हणतात. ‘क्षमता’ आणि ‘सक्षम’ हे शब्दही त्याच घराण्यातले. म्हणजे क्षमा करायला अंगात ताकद लागते, असं आपली भाषाच सांगते.

पण मला सगळ्यांत आवडतो तो ‘दिलगीर’. रेल्वे स्टेशनवर तुम्ही ऐकला असेल. गाडी उशिरा येणार असली, की ‘गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ अशी घोषणा होते. हा फारसी शब्द. दिल म्हणजे हृदय, आणि दिलगीर म्हणजे ज्याचं मन दुःखानं धरलं गेलं आहे असा, उदास. आहे की नाही गंमत? इंग्रजीत ‘वेदनेनं भरलेला’ माफी मागायला लागला, आणि फारसीतून आपल्याकडे आलेला ‘उदास’ही माफीच मागायला लागला. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेनं गेल्या!

आणि कधी कधी तर आपल्याला शब्दही लागत नाही. चुकून कुणाला पाय लागला तर आपण काय करतो? चटकन त्याला हात लावून तो आपल्या छातीला नाहीतर कपाळाला लावतो. तोंडातून चकार शब्द निघत नाही, पण समोरच्याला सगळं कळतं.

इंग्रजीत माफीसाठी आणखी एक भारदस्त शब्द आहे – अ‍ॅपॉलॉजी. तो ग्रीक. पण त्याचा मूळ अर्थ ऐकाल तर चकित व्हाल. ‘अपोलोगिया’ म्हणजे स्वतःच्या बचावाचं भाषण! इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्स शहरात सॉक्रेटिसवर खटला झाला. तरुणांना बिघडवतो, शहराचे देव मानत नाही, असे आरोप होते. त्यानं न्यायालयात आपली बाजू मांडली. त्याचा शिष्य प्लेटो यानं ती लिहून ठेवली, आणि त्या ग्रंथाचं नाव ‘अपोलोगिया’. इंग्रजीत ‘अ‍ॅपॉलॉजी’. पण सॉक्रेटिसनं त्यात माफी मुळीच मागितलेली नाही. उलट, माझं काही चुकलेलं नाही, असंच तो ठासून सांगतो!

मला वाटतं, आपण तोंडानं सॉरी म्हणतो आणि मनात मात्र अपोलोगिया चालू असतो. ‘सॉरी, पण तूच आधी ढकललंस.’ ‘सॉरी, पण मला घाई होती.’ हा ‘पण’ फार लबाड आहे. तो आला, की त्याच्या आधीची सॉरी तो गिळून टाकतो. मागं उरतं ते फक्त बचावाचं भाषण.

एका शब्दासाठी सबंध देश किती वर्षं झगडू शकतो, याचीही गोष्ट ऐका. ऑस्ट्रेलियात गोऱ्या सरकारनं तिथल्या मूळ रहिवाशांची हजारो लहान मुलं आईवडिलांपासून हिरावून नेली आणि संस्थांमध्ये, परक्या घरांमध्ये ठेवली. प्रामुख्यानं १९१० ते १९७० या काळात हे चाललं. तुमच्याएवढी, तुमच्याहून लहान मुलं! कित्येकांना पुन्हा आई दिसलीच नाही. १९९७ मध्ये या सगळ्याचा अहवाल संसदेपुढं आला. दुसऱ्या वर्षी, २६ मे १९९८ रोजी, लोकांनी पहिला ‘सॉरी डे’ पाळला. २८ मे २००० रोजी सिडनीच्या प्रसिद्ध पुलावरून सुमारे अडीच लाख लोक चालत गेले, आणि वर आकाशात एका विमानानं धुरानं एकच शब्द लिहिला – सॉरी.

सरकारनं मात्र तो शब्द उच्चारला नव्हता. १९९९ मध्ये संसदेनं ‘खेद’ व्यक्त करणारा ठराव केला, पण ‘सॉरी’ त्यात नव्हतं. लोक म्हणाले, आम्हांला तोच शब्द हवा. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड संसदेत उभे राहिले आणि त्यांनी त्या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना, भावंडांना ‘सॉरी’ म्हटलं. ती मुलं आता म्हातारी झाली होती. ऐकताना अनेकजण रडत होते. त्यांचं बालपण त्या शब्दानं परत येणार नव्हतं. तरीही त्यांना तो ऐकायचा होता.

आणि योगायोग बघा. तिथल्या मूळ रहिवाशांच्या इंग्रजीत, कुणाचा मृत्यू झाल्यावर सगळे मिळून जो शोक पाळतात, त्याला ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. म्हणजे दुखण्याचा तो जुना अर्थ त्यांनी अजून जपून ठेवलाय.

आता राहिली त्या पेनाची गोष्ट.

वाचनालयातून परत आलो, त्यानंतर दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. मग मी मित्राला म्हणालो, “ते पेन मला दोन दिवस दे.” त्यानं का म्हणून विचारलं नाही. दप्तरातून काढून दिलं. वाकलेल्या निबेचं ते पेन तो रोज बरोबर आणत होता!

बाजारपेठेत घड्याळाच्या दुकानाशेजारी पेनं दुरुस्त करणारे एक काका बसायचे. त्यांनी निब काढून पाहिली, मान हलवली आणि नवी बसवली. दिवाळीत मिळालेले ओवाळणीचे पैसे मी त्यांना दिले. रविवारी पेन घेऊन मित्राच्या घरी गेलो. काकू दारात धान्य निवडत बसल्या होत्या. “ये बाळा,” म्हणाल्या. तो आत होता.

वाटेत मी वाक्यं पाठ केली होती, अगदी इंग्रजीतसुद्धा. पण समोर गेल्यावर सगळी विसरलो. एवढंच म्हणालो, “पेन माझ्या हातून मोडलं होतं. खेळण्याच्या नादात मी तसाच पळालो. मला फार वाईट वाटतंय रे. आणि काकांचंही.”

‘वाईट वाटतंय’. कोशात सॉरीपुढं दिलेला पहिला अर्थ मी माझ्याही नकळत मराठीत बोललो होतो.

त्यानं पेन घेतलं. दौतीतून शाई भरली. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला आधी एक रेघ ओढली, मग वडिलांचं नाव लिहिलं. थोडा वेळ ते नाव बघत राहिला आणि म्हणाला, “चालतंय की.”

पेन चालतंय म्हणाला, की माझं बोलणं चालतंय म्हणाला, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा एका बाकावर होतो.

पालकहो, एक गोष्ट तुम्हांलाही सांगावीशी वाटते. मुलांचं भांडण झालं, की आपण दंडाला धरून त्यांना दरडावतो, “आधी सॉरी म्हण!” मूल म्हणतं आणि सुटतं. त्याला कुठं दुखलंय का, आणि दुसऱ्याला किती दुखलंय, हे विचारायचं आपण विसरतो. आणि आपली स्वतःची चूक झाली, तर मुलाला आपण कधी सॉरी म्हणतो का? म्हणून पाहा. आपला मान कमी होत नाही.

आणि मुलांनो, तुम्ही वहीच्या मागच्या पानावर त्या रेघा माराल ना? रात्री त्या मोजून झाल्या, की ज्या वेळी खरंच आत काहीतरी दुखलं होतं, तेवढ्याच रेघांभोवती गोल करा. उरलेल्यांपैकी एखादी रेघ अशी सापडेल, की जिथं आपण नुसतं सॉरी म्हणून पळालो होतो. मग दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे परत जा. शब्द कुठल्याही भाषेतले असोत. फक्त त्यात ‘पण’ नको.